पागेरो, म्हणजे देतो की!

(रंगमंचावर खुर्ची आणि छोटा फळा. साठी ओलांडलेले एक गृहस्थ येतात. स्वेटर, मफलर, काखेत वही.)

बसा, बसा! उठू नका. मला बघून माणसं मागच्या दारानं निघून जातात, त्याची सवय आहे मला. मी सांगलीकडचा. एका सहकारी बँकेत वसुली खात्यात होतो. बँकेचं नाव सांगत नाही. आपले थकबाकीदार समोर बसलेले असायचे.

वसुलीवाल्यानं जेवढा भविष्यकाळ ऐकलाय, तेवढा पाणिनीनंही ऐकला नसेल. कर्जदार 'भरतो साहेब' म्हणाला, की सोमवारी येतो. 'भरणार आहे' म्हणाला, तर महिना धरा. 'भरीन' म्हणाला, की जामीनदाराचा पत्ता शोधायला लागा. आणि 'भरूया की, कुठं पळून जातोय!' म्हणाला, की समजायचं, तो पळून जातोय.

असा मी निवृत्त झाल्यावर इटालियन भविष्यकाळ शिकायला बसलोय. क्रेमोना नावाच्या गावात. पो नदीकाठी आहे. मुलगी-जावई तिथं नोकरीला. स्ट्राडिव्हारीनं जगातली सगळ्यात महाग व्हायोलिनं बनवली, ते हे गाव. आता आजूबाजूच्या शिवारात गाई फार, आणि गाईंच्या मागं आमचे पंजाबी. त्या दुधाचं ग्राना पादानो चीज होतं. जवळच पेस्सिनाला 2011 साली मोठा गुरुद्वारा उघडला. त्यामुळं संध्याकाळच्या सरकारी वर्गात माझ्या बाकावर सरदारजी, पुढं म्हाताऱ्या आजींना सांभाळणारी युक्रेनची बाई, कोपऱ्यात मोरोक्कोचा पोरगा. आणि फळ्याजवळ मास्तरीणबाई, हातात खडू.

(फळ्याकडे वळून, छडी आपटत) पार्लेरो, पार्लेराइ, पार्लेरा! पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो!

मला वाटलं, पुढचं स्टेशन अंधेरी. पण नाही. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. मी बोलेन, तू बोलशील, तो बोलेल. 'मी' आणि 'तो' यांच्या शेवटच्या अक्षरावर दणका द्यायचा. रोऽ! राऽ! लिहितानाही त्यावर तिरकी रेघ मारायची. सरदारजी दणका असा देतात, की शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहतात.

मग बाई म्हणाल्या, 'पागारे'. म्हणजे पैसे देणे. मी सावरून बसलो. हा आपला धातू! पागेरो: मी पैसे देईन. लिहिताना मध्ये एक 'एच' घालावा लागतो. विसरला तर उच्चार 'पाजेरो' होतो. आणि पाजेरो घेऊन दारात येणाऱ्या माणसानं हप्ता वेळेवर भरलेला मी बघितलेला नाही.

(खुर्चीवर बसून, प्रेमानं) पण मंडळी, पुढचं ऐका. इटलीत 'पागेरो' हे नामसुद्धा आहे. उन पागेरो, म्हणजे एक वचनचिठ्ठी! प्रॉमिसरी नोट! कागदावर सही करून दिलेलं 'मी देईन'. अख्खी नोकरी ज्या कागदाच्या मागं सायकल, मोटरसायकल आणि शेवटी जीप घेऊन फिरलो, त्या कागदाचं नावच या लोकांनी भविष्यकाळ, प्रथमपुरुषी, एकवचनी ठेवलंय. मी उभा राहून बाईंना नमस्कार केला. त्यांना वाटलं, मला बाहेर जायचंय.

आणि हा भविष्यकाळ आला कुठनं? बाईंनी सांगितलं. जुन्या लॅटिनचा भविष्यकाळ वेगळा होता. तो झिजला. लोक 'मी देईन' म्हणायचं सोडून 'मला द्यायचं आहे' म्हणायला लागले. 'दारे' म्हणजे देणे, त्याला 'आहे' चिकटलं, आणि झालं 'दारो'. म्हणजे या भाषांचा भविष्यकाळ जन्मालाच देणं घेऊन आला! मी तर म्हणतो, हा काळ व्याकरणात नको, ताळेबंदात घाला. उजवीकडं की डावीकडं, ते ऑडिटर बघतील.

याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा सातव्या शतकातल्या एका बखरीत सापडतो. फ्रेडेगारची बखर म्हणतात तिला. गोष्ट अशी. जस्टिनियन बादशहा इराणच्या राजाला हरवतो. म्हणतो, जिंकलेला मुलूख परत दे. राजा म्हणतो, देणार नाही. बादशहा म्हणतो, 'दारास!' देशील! आणि म्हणे त्या जागी शहर वसलं, त्याचं नाव पडलं दारास. आता ही गोष्ट शुद्ध थाप आहे. ते शहर त्याच्या आधीच, अनास्तासिअस बादशहाच्या वेळी बांधलेलं. पण थाप असली तरी बघा, त्या भविष्यकाळाचा पहिला नमुना कविता नाही, भक्ती नाही. सरळ तगादा!

(उठतो) बरं, हे झालं वर्गातलं. बाहेर काय? जावयाच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, 'पास्सेरो दोमानी.' उद्या येऊन जाईन. जावईबापू खूश! मी म्हटलं, बादली मोठी आणा. 'जाईन' म्हणाला ना? हा 'भरीन'वाला आहे. आठवडाभर बादली भरत होती. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ज्याला खरंच यायचंय, तो इटालियन माणूस बहुधा वर्तमानकाळ वापरतो. 'पास्सो दोमानी.' उद्या येतो. म्हणजे सांगलीचा नियम पो नदीलाही लागू!

पण फार भरवसा नको. हॉटेलातला वेटर लांबनं ओरडतो, 'आर्रिवो!' येतो! वर्तमानकाळ. तरी पाऊण तास ब्रेडच्या काड्या खात बसावं लागतं. अर्थात आपण काय बोलणार? आपण तर अंथरुणात लोळत फोनवर सांगतो, 'निघालो! आलोच!' थेट भूतकाळ.

(वही उघडत) आणखी एक भानगड. अंदाज करायचा असेल तरी हाच काळ. दाराची बेल वाजली. 'साराऽ इल पोस्तीनो', पोस्टमन असेल. आपलंच की! मग बाईंना सुचलं, एकमेकांच्या वयाचा अंदाज करा. सराव होईल. युक्रेनची बाई उठली. माझ्याकडं बघितलं. खालनं वर. वरनं खाली. म्हणाली, 'आव्राऽ ओत्तान्तान्नी.' याला ऐंशी वर्षं असतील. मी अडुसष्टचा! बाई म्हणाल्या, 'ब्राव्हा!' अहो, व्याकरण ब्राव्हा असेल, पण हिशोब? बारा वर्षांचं व्याज कशाचं लावलं?

आणि त्या 'रो'चा थाट बघायचा असेल तर पाव्हारोत्ती ऐका. जवळच्याच मोदेनाचा माणूस. पुच्चिनीचा 'तुरांदोत' 1926 साली मिलानला पहिल्यांदा झाला, त्यातल्या राजपुत्राचं गाणं संपतं 'विन्चेरो'वर. मी जिंकेन! 1990 साली इटलीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा पाव्हारोत्तीच्या आवाजातलं ते गाणं गाजलं. विन्चेरोऽऽ! (हात पसरून, श्वास संपेपर्यंत) आणि झालं काय? उपांत्य सामन्यात, घरच्या नापोलीत, अर्जेंटिनानं इटलीला पेनल्टीवर हरवलं. तिसरा नंबर. वसुली खात्यात असता तर पाव्हारोत्तीला मी गाण्याआधीच विचारलं असतं, जामीनदार कोण?

सगळ्यात धोका 'म'चा. 'व्हेर्रेमो', एक म, म्हणजे आम्ही येऊ. 'व्हेर्रेम्मो', दोन म, म्हणजे आलो असतो हो, पण... एका जोड 'म'मध्ये अख्खं आमंत्रण बुडतं. जावयाच्या साहेबांनी जेवायला बोलावलं. जावई आनंदानं 'व्हेर्रेम्मो' म्हणाला. त्यांनी दोन ताटं कमी केली.

वर्गाचा शेवट झाला पिझ्झ्यानं. बिल आलं. मोरोक्कोचा पोरगा वर्गणी गोळा करायला निघाला. युरो, युरो, युरो. माझ्यापाशी आला. माझं पाकीट असतं हिच्या पर्समध्ये, आणि ही घरी.

(दोन्ही खिसे चाचपत, दणक्यात) 'पागेरो!'

बाईंनी टाळ्या वाजवल्या. 'पेर्फेत्तो!' उच्चाराला पूर्ण मार्क! पोरगा मात्र हलेना. हात तसाच पसरलेला. तगाद्याला उपजतच लायक पोरगं, सांगलीत असतं तर मी बँकेत चिकटवलं असतं.

शेवटी सरदारजींनी कोटातनं वीसची नोट काढली. माझ्यावतीनं ठेवली. मग माझ्या खांद्यावर गाईच्या पाठीवर ठेवावा तसा पंजा ठेवला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच अजिबात न ओरडता, अगदी हळू म्हणाले,

'दाराइ.'

(अंधार.)