परतीची हमी

युरोप पाहायला जाणाऱ्याच्या मनात युरोपची ओढ असावी लागते, हा समज प्रवासवर्णनांनी पसरवला. शेंगेन व्हिसाच्या अर्जापुढे तो टिकत नाही. मोनालिसाबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. व्हेनिसच्या कालव्यांविषयी तुमचं मत काय, हे कोणत्याही वकिलातीला जाणून घ्यायचं नसतं. तिला हवी असतात आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, ‘हे गृहस्थ अमुक तारखेला पुन्हा कामावर रुजू होतील’ असं सांगणारं कचेरीचं रजापत्र, आणि जमल्यास घराची कागदपत्रं. ही सगळी चळत सलग वाचली की ध्यानात येतं, फाइल पॅरिसविषयी नाहीच, ती डोंबिवलीविषयी आहे. हा मनुष्य डोंबिवलीपासून फार दिवस दूर राहूच शकत नाही, असं तिचं म्हणणं आहे आणि ते सही-शिक्क्यानिशी मांडलेलं आहे. डोंबिवलीवरचं इतकं प्रेम तिथल्या कोणी लोकलच्या फलाटावर उभं राहून कधी कबूल केलं नसेल.

अतिशयोक्ती वाटत असेल तर विम्याची अट पाहावी. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो आणि त्यात दवाखान्याच्या खर्चाबरोबर मायदेशी पाठवणीचा खर्चही धरावा लागतो, मृत्यू ओढवला तरीसुद्धा. म्हणजे परत जाण्याच्या अटीतून मरणानेही सुटका नाही. अर्जासोबत जोडायच्या दिवसवार कार्यक्रमाची कथा याहून रंगतदार. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. त्यामुळे इंटरलाकेनला दोन रात्री राहायचं की तीन, हे आल्प्सचं सौंदर्य ठरवत नाही, कोणत्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते ते ठरवतं. व्हिसा हाती येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका असा सल्ला मिळतो, पण आरक्षण मात्र दाखवावं लागतं; हॉटेलही असं निवडायचं, की फुकटात रद्द करता येईल. जे आहेही आणि नाहीही, त्यावर श्रद्धा ठेवायची सवय आपल्याला शतकानुशतकांची आहे, म्हणून निभावतं. या कागदावरच्या प्रवासात गाडी कधी चुकत नाही, पाऊस पडत नाही, कोणाचे पाय दुखत नाहीत. तरीही वाचणाऱ्या अधिकाऱ्याचं लक्ष मधल्या वर्णनाकडे नसतं. शेवटच्या दिवशी मंडळी विमानात बसली ना, एवढंच त्याला पाहायचं असतं.

यावर कोणी म्हणेल, की मुदत संपल्यावर तिकडेच राहून जाणारे लोक असतात, मग चौकशी नको का? हवीच. पण कागद नियत दाखवत नाहीत, बूड किती जड आहे ते दाखवतात. नोकरी, घर, कुटुंब, वर्षानुवर्षं संथ वाहणारं बँक खातं असलेला माणूस विश्वासू ठरतो. ज्याला ना नोकरी, ना घर, ना कोणी वाट पाहणारं, म्हणजे ज्याच्या अंगात खरा भटक्या आहे, तो संशयित. नकाराच्या छापील नमुन्यात कारणांपुढे चौकटी असतात, आणि त्यांतली एक चौकट मुदतीत परत जाण्याच्या इराद्याविषयी रास्त शंका नोंदवते. अर्जदाराने केलेलं काहीच तिथे नोंदवलेलं नसतं, त्याने पुढे काय केलं असतं ते असतं. 90 युरो शुल्क मात्र तेव्हाही परत मिळत नाही. परतण्याची सक्ती प्रवाशाला आहे, पैशाला नाही.

आणि ही शंका युरोपला सुचली कशी, याचं उत्तर आपल्या किनाऱ्यावरच आहे. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला तेव्हा त्याच्याकडे रजापत्र कोणी मागितलं नव्हतं. पाठोपाठ आलेल्या त्याच्या देशबांधवांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि ते 1961 पर्यंत राहिले. ते पोर्तुगाल आज शेंगेनमध्ये आहे आणि पाहुण्याला 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त दिवस राहू देत नाही. जुनी उणीदुणी काढतोय असं वाटेल, पण मी तर त्यांचीच बाजू मांडतो आहे: पाहुणा कसा मुक्काम ठोकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

भारतही व्हिसा मागतोच की, हा दुसरा आक्षेप. मागतो. पण पर्यटकाला ई-व्हिसा देताना त्याच्या साहेबाने रजा दिली आहे का, हे आपण विचारत नाही. ‘परत कधी?’ असं दारातच विचारणारे यजमान आपल्याकडेही आहेत, फक्त पाहुणा घरून निघण्याआधी ते उत्तर लेखी मागत नाहीत. शेंगेनचा नाइलाज असा, की तो करारच दारं काढून टाकण्याचा होता. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर, 14 जून 1985 रोजी पाच देशांनी त्यावर सह्या केल्या. आज देश 29 आहेत. आतली दारं काढली की बाहेरच्या दाराला जाडजूड कडी येणारच.

तरी निष्ठेचं चीज होतं. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरून परतलेल्या भारतातल्या भारतीयांना दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकेल, असा नियम युरोपीय संघाने एप्रिल 2024 मध्ये केला. युरोप किती पाहिला याला इथेही किंमत नाही. दोनदा निमूट घरी गेलात, याचं हे बक्षीस. पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी 90 दिवसांचा हिशेब सुटत नाहीच, आणि त्यासाठी संघाने एक कॅल्क्युलेटरही उपलब्ध करून दिला आहे. ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरचे शिक्के जाऊन ये-जा यंत्रात नोंदली जाऊ लागली. परत आल्यावर शेजाऱ्यांना दाखवायचा शिक्काही त्यामुळे गेला. आता फ्रिजवरच्या आयफेल टॉवरच्या मॅग्नेटवर भागवावं लागेल, आणि तो डोंबिवलीतही मिळतो.