वैनगंगेत देव सोडणाऱ्या पर्यटक महोदयांस

प्रति,
पर्यटक महोदय (सहकुटुंब), मुक्काम घाटाची पायरी
विषय : पवनी येथील स्थलदर्शन आणि काचेसह देवविसर्जन

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे तालुक्याचे गाव वैनगंगेच्या काठी वसले आहे. देवळांच्या दाटीमुळे आणि नदीवरच्या दगडी घाटांमुळे त्याला विदर्भाची काशी म्हणतात. महाराष्ट्रात काशींना तोटा नाही. पैठण, वाई आणि कोल्हापूर या तिघांनीही दक्षिण काशीचा मान आपापल्या घरी नेलेला आहे. पवनीचे वैशिष्ट्य वेगळे : नागपूरहून अंतर सुमारे ८० किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी पोचता येते, आणि महोदयांच्या भक्तीला एवढाच प्रवास मानवतो.

महोदय बहुधा रविवारी येतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली सकाळची सफारी आटोपलेली असते आणि वाघाने दर्शन दिलेले नसते. मग उरलेल्या वेळात देव. वाघासाठी जिप्सीत तासन्‌तास श्वास रोखून बसणारी हीच मंडळी पंचमुखी गणेशापुढे मिनिटभरात चुळबुळू लागते. विदर्भातल्या अष्टविनायकांत गणला जाणारा हा गणपती एका शिळेवर कोरलेल्या मुखांच्या रूपात आहे. सोंड, मोदक, उंदीर अशी ओळखीची मूर्ती न दिसल्याने महोदय पुजाऱ्यालाच विचारतात, "मेन गणपती कुठंय?" मुरलीधराच्या आणि दत्ताच्या देवळांत तर फोटोपुरतेच थांबणे होते.

यानंतर घाट. दिवाणघाट आणि वैजेश्वर घाट यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. बायाबापड्या तिथे आंघोळ करतात, कपडे धुतात, ढिवरांचे डोंगे तिथेच लागतात. महोदयांच्या गाडीच्या डिकीतून याच वेळी एक काळी पिशवी निघते. ती घरूनच आलेली असते. तिला दोन गाठी मारलेल्या असतात, कारण पुण्य सांडता कामा नये. हात जोडले जातात, पिशवी पाण्यात जाते, आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढते.

महोदयांची समजूत अशी, की पिशवी वाहत वाहत समुद्राला मिळते. ती तिथेच असते. पवनीच्या वरच्या अंगाला, तालुक्यातच, गोसीखुर्दचे ३३ दरवाजांचे धरण आहे. दरवाजे बंद असले की खाली उन्हाळ्यात नदीला ओढ उरत नाही, आणि पिशवी दोन हात पुढे जाऊन पुन्हा पायरीला येऊन टेकते. पुढे ती ढिवराच्या जाळ्यात येते. मासळीच्या आशेने तो गाठ सोडतो. आत कुजलेले झेंडूचे हार, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचे रिकामे पुडे आणि तळाशी लक्ष्मीची तसबीर, काच तडकलेली. मागच्या रविवारी अशीच एक तसबीर पिशवीतून निसटली आणि पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. सोमवारी पहाटे आंघोळीला उतरलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा तळवा तिच्या काचेने टाचेपर्यंत चिरला.

याला विसर्जन म्हणत नाहीत. आपल्या घरातला केर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ओतायचा आणि वर त्याला नमस्कार करायचा, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्या बाईचे रक्त कोणत्या देवाला चढले, हे महोदयांनी एकदा सांगून टाकावे.

पिशवी हे महोदयांचे एकमेव दान नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. म्हणजे महोदय घाटावर पोचण्याआधी त्यांच्या मोरीतले पाणी नदीला मिळालेले असते. नंतर तेच ओंजळीत घेऊन ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतात.

तरीही एक गोष्ट महोदयांच्या बाजूने नोंदवावी लागते. आजीने चाळीस वर्षे हळदीकुंकू वाहिलेली तसबीर भंगली, तर ती कचरापेटीत टाकायला हात धजत नाही. हा संकोच खरा आहे आणि चांगलाही आहे. भंगलेला देव घरात ठेवू नये, असे सगळे सांगतात. पण काच आणि चौकट काढून टाकावी, कागद तेवढा कुंडीतल्या मातीत पुरावा, देव रागावत नाही, एवढे सांगणारे कोणी भेटत नाही. गुरुजी नदी दाखवून मोकळे होतात.

जे खरोखर पाहण्यासारखे आहे, त्याच्याकडे महोदयांची गाडी वळतच नाही. पवनी हे प्राचीन तटबंदीचे नगर. तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे बौद्ध स्तूप उघडकीला आले. स्तूपाच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती, आणि मुचलिंद नागाचे शिल्पही मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाविकांनी दान म्हणून दगड घडवून दिले. काळ्या पिशवीची सोय त्यांच्याकडे नव्हती, हा पुरातत्त्वाचा मोठाच लाभ.

सबब विनंती, की पुढच्या खेपेस पिशवी घरीच ठेवावी आणि घाटावर रिकाम्या हाताने यावे. पवनीत सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्माचा शिलास्तंभ पाहायचा असल्यास एवढा प्रवास करण्याचीही गरज नाही. तो महोदयांच्याच शहरात, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.