आठ, नऊ की दहा?

लियॉनला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शाळामास्तर राहतात. असा एखादा मास्तर फ्रान्सच्या प्रत्येक गल्लीत सापडेल. व्याकरण हा धर्म, लारूसचा शब्दकोश ही पोथी. आमच्या मास्तरांचा जीव मात्र एकाच शब्दावर: 'आँतीकोँस्तित्यूस्योनेलमाँ'. म्हणजे घटनाबाह्य रीतीने. रोमन लिपीत 25 अक्षरं. सगळ्यात लांब शब्द कोणता, असं कोडं फ्रेंच पोरं एकमेकांना घालतात, त्याचं उत्तर हेच. कुणी आगाऊपणे 27 अक्षरांचा 'आंतरशासकीयीकरणे' अशा छापाचा शब्द पुढे केला, की मास्तर कडाडतात, "आधी अनेकवचनाचा एस काढा!" काढला तरी 26 उरतात, पण तोवर ते दुसऱ्या खोलीत गेलेले असतात.

एकदा जिन्यात गाठून त्यांनी माझ्याकडून 'त्यू' घटवून घेतला. "जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे! शिट्टी वाजवताना करता तसे, मादाम!" मी ओठांचा चंबू करून उभी, वर दूध उतू चाललेलं. 'कोँस' नाकातून म्हटला म्हणून शाबासकी मिळाली. त्याच जोरात 'स्योँ'ही नाकातून काढला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पुढे दोन एन आणि स्वर आहे, तिथे नाकाचं काम संपलं! बरोबरच आहे त्यांचं. पण दूध गेलं ते गेलंच.

खरी लढाई तुकड्यांची. कागदावर शब्द फोडला तर नऊ: आँ-ती-कोँस-ती-त्यू-स्यो-नेल-ल-माँ. बोलताना तो मधला 'ल' लियॉनकर गिळतात, म्हणून आठ. मास्तर टेबलावर बोटाने ठोकून दाखवतात, शाळेत पोरांकडून टाळ्या वाजवून घेत तसे. आणि नशीब असं, की जावई मिळाला तुलूझचा. दक्षिणेकडची माणसं शेपटीचा 'अ' सोडत नाहीत. रविवारी जेवताना जावई शांतपणे नऊ ठोके वाजवतो. मास्तरांचा काटा बशीत. लेक म्हणते, "पापा, सूप." पापा आणखी हट्टाला पेटतात: जुन्या छंदोबद्ध कवितेत तर 'स्यो'चे 'सि-यो' असे दोन होतात आणि गिळलेला 'ल'ही मोजावा लागतो, म्हणजे दहा! बारा तुकड्यांच्या ओळीत कवीला उरले दोन. तेवढ्यात त्याने काय लिहायचं, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे हा शब्द कुणी वापरत नाही. मास्तरच वापरतात: बस चुकली, पाव शिळा निघाला, जावयाने आधी चीज कापलं, की सगळं 1958च्या घटनेविरुद्ध.

तुमची असल्या मास्तरांशी गाठ पडली, तर आकडा सांगू नका. "बोलण्यात की कवितेत?" एवढंच विचारा. जेवायला थांबवून घेतील. दूध मात्र आधी गॅसवरून उतरवून जा.