भट्टीचा खरा धनी

इंग्रज मनुष्य आपल्या गल्लीतील पबचा इतिहास ज्या भक्तिभावाने सांगतो, त्या भक्तिभावाने आपल्याकडे केवळ कुलदैवताची आख्यायिका सांगितली जाते. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली मद्यविक्रेत्यांना दारावर चिन्ह टांगण्याचा हुकूम फर्मावला आणि राजाचे स्वतःचे चिन्ह पांढरे हरीण असल्यामुळे त्या हरणाच्या नावाने अनेक पब निघाले. पुढे दारावर परवानेदाराचे नाव रंगविण्याची कायदेशीर सक्तीही आली. अशा रीतीने कोणता मालक केव्हा आला, कोणाच्या कारकीर्दीत उधारी चाले आणि कोणाची पत्नी अधिक कडक होती, हे सारे तेथील गिऱ्हाइकांना मुखोद्गत असते. आमच्या चिखल्याच्या भट्टीला असा कोणी बखरकार लाभला नाही. जे पीत होते त्यांना आठवत नव्हते, आणि ज्यांना आठवत होते ते आपण तेथे गेल्याचे कबूल करीत नव्हते; सबब हे कार्य, आजन्म एक थेंबही न चाखलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या शिरावर येऊन पडले.

तुमसर तहसिलीतील आमचे हे गाव मँगनीजसाठी प्रसिद्ध. लंडनात मूळ असलेल्या कंपनीकडून १९६२ साली खाणींचा कारभार आजच्या 'मॉइल'कडे आला, त्यापूर्वीपासून येथील मजूर काळा दगड फोडून संध्याकाळी घसा ओला करीत आला आहे. त्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र कोणत्याही कंपनीने पुरविला नाही. तो मोहाच्या झाडाने दिला. चैत्रात पहाटे झाडाखालची झाडलेली जमीन पिवळसर, मांसल फुलांनी भरून जाते. बायका टोपल्या भरून ती अंगणात वाळवितात. पुढे पाण्यात भिजवून सडवा झाला की मडके चुलीवर चढते. माझे आजोबा सांगत की, त्यांच्या काळचा भट्टीवाला पहिल्या धारेचे चार थेंब विस्तवावर शिंपडी आणि भक्कन ज्योत उठली तरच तोंडावर समाधान दाखवी. हाच आमचा पहिला ज्ञात मालक. त्याच्या दारावर पाटी नव्हती; वासच पुरेसा होता.

परंतु मोहाचे झाड फुकट देते ही गोष्ट ज्या संस्थेला कधीच सहन होत नाही, ती संस्था म्हणजे सरकार. मध्यप्रांतात आबकारीचा अंमल बसला, १९१५चा कायदा आला, दुकानांचा हर्रास होऊ लागला, आणि जो सर्वांत मोठी बोली बोलेल तो मुदतीपुरता धनी ठरू लागला. ठेकेदार बदलत, कारण बोलीच्या भरात ते जेवढे बोलत तेवढे गाव पिऊ शकत नसे; सरकारचा हप्ता मात्र कधी बुडाला नाही. पुढे राज्यपुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आमच्याही वाट्याला आला. आता या कायद्याची थोरवी अशी की, राज्यात दारूविक्रीचे परवाने देण्यात येतात ते याच दारूबंदी कायद्यान्वये.

इंग्लंडच्या सरकारनेही एकदा हा धंदा उघडपणे करून पाहिला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातील मजूर शुद्धीवर राहावेत म्हणून १९१६ साली कार्लाइलच्या परिसरातील पब सरकारने आपल्या ताब्यात घेतले, आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालवून १९७३ साली त्यातून अंग काढले. त्याच १९७३ साली आमच्या महाराष्ट्रात देशी दारूचे रीतसर नियम निघाले. योग्य वेळी योग्य हाती सूत्रे जाणे यालाच इतिहास म्हणत असावेत.

तेव्हापासूनच्या आमच्या मालकाला गावाने पाहिलेले नाही. परवाना एकाच्या नावे, नोकरनामा दुसऱ्याच्या नावे, गल्ल्यावर तिसरा, आणि फुटाणे विकणारा चौथा. या चौघांचे सर्व अर्ज शुद्धलेखनासाठी माझ्या ओसरीवर येतात. गेल्या उन्हाळ्यात त्याच ओसरीवर बचत गटाच्या बायका आल्या. महिला मतदारांपैकी पाव हिस्सा जणींनी अर्ज केला आणि सह्यांची पडताळणी झाली की मतदान होते, मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी असते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते, ही माहिती त्यांना माझ्याहून चोख होती. मी 'सविनय निवेदन की' असा आरंभ करून मजकूर सुरू केला. एका खांबाशी नोकरनामेवाला आपल्या अर्जाची वाट पाहत अदबीने उभा होता. बायकांनी त्याला बसायला जागासुद्धा करून दिली.

अर्ज वाचून दाखविल्यावर त्यांतील सर्वांत वृद्ध बाई, जिने तरुणपणी मोहफुले वेचली होती आणि उतारवयात मुलाला खांद्यावर घेऊन घरी आणले होते, ती विचारात पडली.

"गुरुजी, दुकान बंद झालं त सरकारले परवडंल का जी?"

मी म्हटले, "तुम्ही त्याची काळजी करू नका."

"कशी नाही करू जी? घरचा धनी पिते त पगार बुडते. हा धनी पाजते, पगार त्याचाच वाढते. असा धनी सोडंल का?"

नोकरनामेवाल्याने मान डोलाविली. मी लेखणी उचलून अर्जाच्या मायन्यात 'मा. जिल्हाधिकारी' यांच्यापुढे, कोणालाही न विचारता, 'तथा दुकानाचे मालक' असे शब्द घातले.