डोळ्यांत तेल, नाकावर गॉगल

देवाने पापण्या केल्या तेव्हा त्याच्यापुढे पायी चालणारा माणूस असणार. पायी माणूस ताशी ५ किलोमीटरने जातो. समोरून चिलट आलंच, तर दोघांनाही विचार करायला सवड असते. सिंहगडाच्या उतारावर सायकल ताशी ४०ला सहज पोचते, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा हिस्सा धरला, तरी तेवढ्यात आपण मीटरभर पुढे सरकलेले असतो. त्या मीटरभरात जे पाखरू असेल ते आपलं. पापणी मिटते, पण पाखरू आत आल्यावर. म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावण्यातला प्रकार.

पुण्याच्या आसपास सायकल चालवणाऱ्याला ऋतू डोळ्यांनी दिसत नाहीत, ते डोळ्यांत जातात. उन्हाळ्यात डंपरमधली वाळू. डंपरला ताडपत्री असते, पण ती उडून फाटू नये म्हणून ड्रायव्हरने सीटखाली नीट घडी घालून ठेवलेली असते. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी रस्त्याच्या दिव्यांखाली पंख फुटलेल्या वाळवीचे थवे. पावसाळ्यात पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाचं पाणी. वजन वाढतं म्हणून हल्लीचे लोक मडगार्ड लावत नाहीत. चाकावरून उडालेला रस्ता मागच्याने आपल्या तोंडावर घ्यायचा आणि याला एकत्र सायकलिंग म्हणायचं. मळणीच्या दिवसांत भुसा. धरणाच्या बाजूला चिलटं मात्र बारमाही, त्यांना हंगाम नाही.

आणि या सगळ्यांच्या वर, अगदी शब्दशः वर, बसची खिडकी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. ती किती कडक आहे हे बसच्या डाव्या अंगाने सायकल नेणाऱ्याला विचारावं. खिडकीतून एक मान बाहेर येते. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी लागल्याचे भाव. त्या क्षणी काचेची छटा, अतिनील किरण, इटालियन डिझाइन ही सगळी चर्चा फोल ठरते. काच मोठी हवी आणि कानापर्यंत वळलेली हवी, बस्स.

डोळ्यात काही गेलं तर खरं म्हणजे चोळू नये. कण बुबुळावर घासला की ओरखडा उठतो. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, राहिलंच तर डॉक्टर गाठावा. सायकलच्या बाटलीत पाणी असतंच. पण रस्त्यावरची माणसं तेवढा वेळ देतील तर शपथ. तुम्ही एक पाय टेकवून डोळ्याला हात लावलात की टपरीवाला खांद्यावरच्या फडक्याला टोक काढून धावत येतो. त्याच फडक्याने त्याने आत्ता बाकडं पुसलेलं असतं. एक आजोबा पापणी उलटून फुंकर मारतात, फुंकरीत चुना-तंबाखू. तिसरा लांबूनच सांगतो, "दुसरा डोळा चोळा, म्हणजे ह्यातलं निघंल." मग दुसराही लाल होतो. पुणे जिल्ह्यात दर दोन किलोमीटरवर नेत्रतज्ज्ञ बसलेला आहे, फक्त चहाचा गाडा चालवतो इतकंच.

तेव्हा गॉगल घेणं आलं.

चष्म्याच्या दुकानात सायकलसाठी गॉगल मागितला की तिथला मुलगा आधी आपल्या पोटाकडे बघतो. मग आदराने विचारतो, "काकांना घालायचाय की कुणाला द्यायचाय?" काकांनाच, असं कळल्यावर तो आतून एक लांबट पेटी आणतो. पेटी उघडली की आत एका बेडकाचे डोळे असतात. एकच सलग काच, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि तिच्यात आपले दोन चेहरे.

या बेडकाचं घराणं मोठं आहे. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळात शर्यतीचे रस्ते बरेचसे कच्चे होते. त्या वेळच्या फोटोंतले वीर मोटारवाल्यांसारखे जाड गॉगल टोपीवर चढवून उभे दिसतात, चेहरे धुळीने गव्हाच्या पोत्यासारखे. पुढे ऑक्ली नावाच्या अमेरिकन कंपनीने, जिने १९७५ मध्ये मोटरसायकलच्या मुठींपासून धंद्याला सुरुवात केली होती, १९८४ मध्ये आयशेड्स नावाचा भला मोठा गॉगल काढला. ग्रेग लेमाँड तिचे गॉगल लावून सायकल मारायचा. १९८६ साली टूर जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला आणि जगभरच्या सायकलवाल्यांना आपल्या उघड्या डोळ्यांची लाज वाटायला लागली. लेमाँडने त्या काचेतून आल्प्स पाहिला. मला तिच्यातून वडगावचा पूल पाहायचा होता, पण पेटीवरची किंमत आल्प्सचीच होती.

"हा पोलराइज्ड आहे," मुलगा म्हणाला आणि त्याने ते कार्ड काढलं. चष्म्याच्या प्रत्येक दुकानात हे कार्ड असतं. नुसत्या डोळ्यांना राखाडी चौकोन, गॉगलमधून पाहिलं की त्यात मासा. सगळे गिऱ्हाईक मासा पाहून हरखतात आणि पैसे देतात. मी त्याला विचारलं की सिंहगड रस्त्यावर हा मासा नेमका कुठे भेटतो? तो म्हणाला, चकाकी जाते काका. जाते हे खरंच. पाण्यावरची, बोनेटवरची चकाकी ही काच गाळून टाकते, मोटार चालवणाऱ्याला ते सुख आहे. पण ओल्या डांबरावरची, सांडलेल्या तेलाची चकाकी हाच सायकलवाल्याला मिळणारा एकमेव इशारा असतो. पुणे महानगरात बाकी कसलाही फलक लागत नाही. शिवाय हँडलवर लावलेल्या मीटरचा किंवा मोबाइलचा पडदा या काचेतून एखाद्या कोनात पार काळा दिसतो. म्हणजे वेग किती ते कळेना आणि घसरतोय कशावर तेही कळेना.

मग काळेपणाची चौकशी झाली. काचांना ० ते ४ अशा श्रेणी असतात. तिसरीतून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, चौथीतून फक्त ३ ते ८. चौथी बर्फावर आणि उंच डोंगरांत ठीक, ती लावून वाहन चालवू नये असा नियमच आहे. दुकानदारांना मात्र काळं म्हणजे भारी असं वाटतं. तिसरी लावून उन्हातून कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरून बघावं. पहिले काही क्षण आपण आहोत की नाही याचीच खात्री नसते, खड्डे तर दूरच. त्यावर उपाय म्हणून उन्हात आपोआप काळी होणारी काच त्याने दाखवली. ती काळी चटकन होते, पण उजळायला काही मिनिटं घेते. बोगदा संपून खेड शिवापूरच्या वाटेला लागलो की तिच्या लक्षात येणार, अरे, मघाशी अंधार होता.

काळ्या रंगाचा आणि अतिनील किरणांचा तसा काही संबंधही नाही. यूव्ही ४०० लिहिलेली काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते, मग ती पाण्यासारखी पारदर्शक का असेना. उलट फुटपाथवरचा काळाकुट्ट गॉगल हे किरण अडवत नसेल, तर गॉगल नसलेला बरा. अंधार पाहून बाहुली मोठी होते आणि किरणांना दार सताड उघडं मिळतं. हे मी दुकानातल्या मुलाला समजावून सांगत असताना मागे रांग लागली. कुणीतरी "सरांचं होऊ दे आधी" म्हणालं. पुण्यात "सर" म्हणजे निघा.

खरी अडचण माझ्या नाकावर आधीपासून बसलेली होती. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. वर लांबचं, मध्ये मधलं, खाली जवळचं. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी ही सोय उत्तम. वाकड्या हँडलच्या सायकलवर मात्र मान खाली आणि बुबुळं वर, अशी नंदीची पोझ असते. त्यामुळे रस्ता चष्म्याच्या वरच्या कडेवरून, म्हणजे बिननंबरी दिसतो. पुढच्या चाकाशी आलेला खड्डा पाहायला नजर खाली न्यावी तर तो वाचायच्या काचेत येतो. त्या काचेतून तो मोठा आणि धूसर दिसतो. सायकलच्या गॉगलमध्ये नंबर बसवून मिळतो, नाही असं नाही. वळलेल्या काचेत बसवायचा तर खर्च वेगळा, आत छोटी जोडकाच लावायची तर ती पापण्यांना घासते. मुलाने दोन्हींचे आकडे कागदावर लिहून दिले. तो कागद मी जपून ठेवलाय. घरी नव्या फ्रिजचा विषय निघाला की दाखवायला उपयोगी पडतो.

आमच्या रविवारच्या टोळीत या प्रश्नाची कणव कुणालाच नव्हती, कारण तिथे त्याहून मोठा वाद पेटला होता. गॉगलच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून घ्यायच्या की खालून? शर्यतवाल्यांचा अलिखित दंडक असा की वरून. पडलात तर गॉगल सुटून उडून जावा, चेहऱ्यावर अडकून राहू नये. आयटीतला एक तरुण हा दंडक वेदवाक्यासारखा पाळतो. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचं म्हणणं, "एवढ्या किमतीची वस्तू उडून गेली तर मी मागे पळू, की पडलेला उठू?" त्यावर भजी येईपर्यंत शास्त्रार्थ चालला. भजी आल्यावर दोन्ही पक्षांनी गॉगल काढून खिशात टाकले.

शेवटी मी कारखान्याच्या सामानाची दुकानं असलेली बोहरी आळी गाठली.

कारखान्यात पत्रा घासणाऱ्या, छिन्नी मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठी जे बनवतात ते माझ्यासारख्याला पुरे पडायला हरकत नव्हती. मी आधी थोडं वाचून ठेवलं होतं. युरोपीय मानकात कारखान्याच्या चष्म्यावर एफ हे अक्षर असेल, तर त्यावर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १६२ किलोमीटरने मारून पाहिलेली असते. एवढ्या वेगाने येणारं चिलट अजून सिंहगडावर नाही. काच पॉलिकार्बोनेटची. हे प्लॅस्टिक मुळातच अतिनील किरण जवळजवळ सगळे शोषून घेतं, वेगळा लेप लागत नाही. आणि चष्म्यावरून चष्मा घालता येईल असा रुंद, बाजूंना भिंती असलेला प्रकार या दुकानांत मिळतो. माझा नंबर जागच्या जागी.

गल्ल्यावरच्या चाचांनी हिशेबातून मान वर केली नाही. "वेल्डिंग, ग्राइंडिंग, का लॅब?"

"सायकलिंग."

ते क्षणभर थांबले. "मग ग्राइंडिंगचा घ्या. त्यातही समोरूनच उडतं."

सबंध बाजारात या विषयावरचं इतकं नेमकं मत मला मिळालं नव्हतं. मी म्हटलं, एक द्या. ते म्हणाले, सुटा नाही, डझनाचा बॉक्स. डझनाची किंमत पहिल्या दुकानातल्या एका बेडकाच्या निम्मीसुद्धा नव्हती, तेव्हा पुणेकर म्हणून माझ्यापुढे पर्याय उरला नाही.

दिसायला तो भयंकर आहे. तो लावून मी बाहेर पडलो तेव्हा शेजाऱ्यांनी ड्रेनेजचं काम आज आहे का, असं विचारलं. सिग्नलला थांबलं की चढावर तापलेल्या तोंडाची वाफ आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही काचांवर धरते आणि दिवा हिरवा झाला हे मला मागच्यांच्या हॉर्नवरून कळतं. अर्थात पुण्यात हॉर्न दिवा हिरवा व्हायच्या आधीच वाजतो, त्यामुळे माझं नुकसान काही नाही. सायकल हलली की वारा वाफ घेऊन जातो. उतारावर चिलटं काचेवर टपटप आपटतात. बसच्या खिडकीखालून मी आता मान ताठ ठेवून जातो. काय येईल ते साबणाच्या पाण्याने धुतलं जातं.

उरलेले अकरा फार दिवस पडून राहिले नाहीत. आईने मिरच्या कुटायच्या दिवशी एक उचलला, तो परत आलेला नाही. धाकट्याने रंगपंचमीच्या नावावर चार नेले. बायको कांदा चिरताना एक लावते. बाजूंनी वास शिरतो अशी तिची तक्रार आहे, पण कांदा ग्राइंडिंगमध्ये मोडत नाही, त्याला चाचा काय करणार. बँकेतल्या काकांनी भजी खाताना कुणाचं लक्ष नाही असं पाहून भाव विचारला आणि दोन घेतले, एक काकूंना. आयटीतल्या तरुणाने "हे काय सर" म्हणून हसून घेतलं. त्यानंतर पानशेतच्या रस्त्यावर एका डंपरमागे तो दहा मिनिटं चालला आणि रात्री त्याचा मेसेज आला. त्याला मी एकदम हो म्हटलेलं नाही. बॉक्समध्ये मोजकेच राहिलेत आणि माझ्याकडेही सुटा मिळत नाही, तीन घ्यावे लागतील असं कळवलंय.