डोकं किती वॅटचं?

भाचीच्या रोबोला चार चाकं होती, दोन मोटरा होत्या, समोर कॅमेऱ्याचा डोळा होता. नव्हतं ते फक्त डोकं. आमच्या घराण्यात ही उणीव जुनीच, पण ती उघडपणे मान्य करणारी ही पहिलीच.

पोरगी सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकते. गाडा कपाशीच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, चालत जाणार आणि पऱ्हाटी कोणती, तण कोणतं ते ओळखणार, असा तिचा बेत. निंदायला बाया मिळत नाहीत हे रडगाणं पवनारपासून हिंगणघाटपर्यंत सगळ्यांचं, म्हणून मीही मान डोलावली. मान डोलावणाऱ्या मामालाच पैसे मागतात.

आधी तिच्या मनात जेटसन नॅनो भरला. एनव्हिडियानं २०१९ साली काढलेला चिमुकला कॉम्प्युटर, चित्रं ओळखण्यात वस्ताद. खुराक पाच ते दहा वॅट. "दहा वॅट म्हंजे काहीच नाही मामा, आपला बल्बच नऊचा हाय." खरं आहे. पण बल्बाला आपली बॅटरी पाठीवर घेऊन शेत तुडवावं लागत नाही. डोकं भारी घेतलं की बॅटरी मोठी, बॅटरी मोठी की गाडा जड, गाडा जड की मोटर दांडगी, आणि दांडगी मोटर पुन्हा बॅटरीच मागते. शेवटी गाडा तण बघायला निघतो की स्वतःची बॅटरी फिरवून आणायला, हेच कळेनासं होतं.

मग रास्पबेरी पाय आला. २०१२ साली पहिला निघाला तेव्हा पस्तीस डॉलरचा, पत्त्याच्या पानाएवढा. आता त्याची पाचवी आवृत्ती पाच व्होल्टवर पाच अँपिअरपर्यंत मागते. अंगणात चाचणी झाली. डोकं सुरू झालं, हिरवा दिवा लुकलुकला, मोटरांना हुकूम सुटला, मोटरांनी पहिल्या झटक्यालाच एवढा करंट ओढला की व्होल्टेज बसलं आणि डोकं गपगार. डोकं गेल्यावर चाकं थांबली, चाकं थांबल्यावर डोकं पुन्हा जागं झालं, त्यानं पुन्हा हुकूम सोडला. विचार आणि कृती एकाच वेळी न जमणारी माणसं मी ऑफिसात जन्मभर पाहिली, पण त्यांचं कारण इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. उपायही सोपा निघाला: डोक्याला वीज वेगळी, मोटरांना वेगळी, ग्राउंडची तार तेवढी सामाईक.

तरी ऊन राहिलंच. हा बोर्ड ऐंशी अंशांना पोचला की आपणहून हळू होतो. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच पंचेचाळीस; बंद डब्यात ऐंशी गाठायला कितीसा वेळ लागणार? उन्हात काम सावकाश करायची अक्कल यंत्राला आहे, हे माझ्या वडिलांना फार आवडलं. बाकी प्रकरणावर त्यांचं मत एका वाक्यात आटोपलं: "शंकरपटात पळनारी जोडी डवऱ्याले कोन जुपते, बाई?"

यंत्र निवडावं कसं, याची माझ्या पाहण्यातली सगळ्यात शहाणी यादी १९२९ सालची आहे. चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. चरखा हलका हवा, झोपडीत चालायला हवा, बाईनं आठ तास चालवला तरी ती फार थकू नये. तेवढ्यात १२ ते २० नंबरचं सोळा हजार वार सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं, दुरुस्तीचा खर्च सालाला किमतीच्या पाच टक्क्यांवर नको. वेग आहे, पण वजन, दम, दाम आणि दुरुस्तीच्या पंगतीत बसलेला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, हा भाग मी भाचीला सांगितला नाही. नुसतं मगन संग्रहालयात नेऊन चरखे दाखवले. ते १९३८ साली खुद्द गांधीजींच्या हस्ते उघडलं. ती चरखे बघून म्हणाली, "यातला एकही रीस्टार्ट होत नसंन."

मंगळाची गोष्टही तिनंच सांगितली. १९९७ साली तिथं फिरलेल्या सोजर्नर गाडीचा प्रोसेसर होता इंटेलचा ८०सी८५, वेग दोन मेगाहर्ट्झ. तेवढ्यावर तिनं परग्रहावरचे दगड हुंगले. आणि २०२१ साली उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये होता स्नॅपड्रॅगन ८०१, म्हणजे चक्क मोबाइल फोनातला प्रोसेसर.

हे सांगताना तिची नजर माझ्या खिशावर होती.

वाद घालायला जागाच नव्हती. कॅमेरा, बॅटरी, जीपीएस, कंपास, तोल सांगणारा सेन्सर, सगळं एका चपट्या डब्यात आणि आधीच पैसे भरलेलं. इंटेलच्या संशोधकांनी २०२० मध्ये ओपनबॉट नावाचा असाच फोनवर चालणारा रोबो करून दाखवला आहे. मोटरांचा हमालीचा भाग ईएसपी३२ नावाच्या चिमुकल्या बोर्डाकडे गेला. तो काही शे रुपयांत येतो आणि कशाबद्दल मत देत नाही. शेतात इंटरनेट लागतं, म्हणून सिमही माझंच राहिलं.

परवा बँकेत काउंटरवरच्या बाईंनी ओटीपी विचारला.

"तो कपाशीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा खाली घेतला. मी त्यांच्याच फोनवरून भाचीला लावला.

"तिसऱ्या तासात हाय मामा. धुऱ्यावर येऊन वळला का वाचते."

"ओटीपी पाच मिनिटांत संपतो गं!"

"मंग त्याले रेमटवू का? पन तन सुटन."