थ्री-डी चित्रातल्या वहिनींना अनावृत पत्र

प्रति,
सौ. चित्रातल्या वहिनी,
मॉड्युलर किचनचा कॅटलॉग, ओट्याशी उभ्या, मधोमध.



आपली ओळख नाही, पण तुमचं स्वयंपाकघर मला पाठ आहे. कोलकात्यात, बेहालाच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवं किचन करायचं ठरलं, तेव्हा दुकानातल्या मुलाने लॅपटॉप फिरवून आधी तुम्हालाच दाखवलं. पांढराशुभ्र शर्ट, हातात सुरी, समोर तीन रंगांच्या तीन ढोबळ्या मिरच्या आणि त्यातली एकही चिरलेली नाही. मागे जमिनीपासून थेट छतापर्यंत कपाटं. ‘फ्लोअर टू सीलिंग, मॅडम!’ मुलगा म्हणाला. तुमच्या कपाटाची वरची पट्टी छताला अशी बिलगली होती की मधून मुंगीने जायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागली असती.

तीच पट्टी आमच्याकडे बसली. डावीकडे छताच्या ८ मिलिमीटर खाली आणि उजवीकडे २३. मधल्या दहा फुटांत फट हळूहळू रुंदावत जाते. पाहुणा कितीही भुकेला असो, पानावर बसल्या बसल्या त्याची नजर वर जाते. कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने कपाटावर लेव्हल बॉटल ठेवली, बुडबुडा मधोमध आला, आणि तो समाधानाने म्हणाला, ‘कपाट सरळ आहे. तुमचं छत वाकडं आहे.’

नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला सुनावणार होते. पंचाईत ही, की अंगण खरोखरच वाकडं निघालं.

म्हणून विचारते वहिनी, तुमचा स्लॅब कोणी टाकला? आमचा माणसांनी टाकलाय. सेंट्रिंगच्या प्लेटा एकीला एक लावायच्या, खाली टेकू द्यायचे, वर काँक्रीट ओतायचं. एखादा टेकू इंचभर दबला तर छत तेवढं खाली येतं आणि तसंच घट्ट होतं. पुढे वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनाने स्लॅब आणखी थोडा लवतो. त्यालाही सरकारमान्यता आहे. काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक आहे ना, आयएस ४५६, त्यात स्लॅबने त्याच्या गाळ्याच्या अडीचशेव्या भागापर्यंत लवायला मुभा दिली आहे. तीन मीटरच्या गाळ्याला १२ मिलिमीटर! म्हणजे आमचं छत वाकडं असेल, पण बरंचसं कायद्यात बसून वाकडं आहे. कायद्याला हे ठाऊक, गवंड्याला ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त तुमचं चित्र काढणाऱ्या संगणकाला. त्याच्या जगात चारही कोपरे नव्वद अंशांचे. माप घ्यायला आलेल्या मुलाने एका कोपऱ्यात लेसर धरला, एक आकडा टिपला, चहा घेतला आणि गेला. एका आकड्यावर दहा फुटांचं छत!

आणखी एक शंका आहे. तुमचं ते फ्रीजशेजारचं उंच कपाट उभं कसं केलं हो? २७०० मिलिमीटर उंच आणि ६०० खोल कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करायला गेलं, तर उठताना त्याला तिरक्यात जवळजवळ २७६६ लागतात. छत २७०० वर असेल तर ते निम्म्यात अडकून बसणार. म्हणून तर कपाट जरा बुटकं करतात आणि वरची जागा पट्टीने झाकतात. फट ही कोणाची चूक नसते, ती ठेवावीच लागते. पण ठेवायची हे ज्याला कळतं, त्याला ती झाकायची कशी हेही कळायला हवं की नको? तुमच्या चित्रात हा प्रश्नच नाही. तुमची कपाटं बहुधा आधी झाली आणि घर मागाहून त्यांच्याभोवती बांधलं.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे मूळचे विट्याचे, धंदा गलाईचा. खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसं सोन्याचांदीची आटणी करायला देशभर पांगली, त्यातलं आमचं घर बौबाजारात येऊन टेकलं. सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा हे लोक विकत घेतात, भट्टीत घालतात आणि तिच्यातून सोनं काढतात. मिलिग्रॅमचा हिशेब. अशा माणसाने फटीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि कंपनीच्या माणसाला एवढंच विचारलं, ‘यात घट किती धरली होती?’ त्याला ते कळलं नाही. सोनं वितळवण्याआधीच घट किती जाणार ते गिऱ्हाइकाला सांगून टाकायची, ही ह्यांच्या धंद्याची रीत. किचनच्या धंद्यात घट गिऱ्हाइकाला सगळं झाल्यावर दिसते, तीही मान वर केल्यावर.

पण हे फार चिडले नाहीत, त्यालाही कारण आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला बौबाजारखाली मेट्रोचा बोगदा खणणारं यंत्र पाणी धरून असलेल्या थराला लागलं. दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरापाडा लेनमधली घरं तडकली, काही कोसळली. सोनारकाम करणारी कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडली. मे २०२२ मध्ये पुन्हा तडे गेले. त्या गल्ल्यांतली माणसं ह्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातली. तेव्हा ‘फट’ म्हणून कुरकुर करताना ह्यांना जरा संकोच वाटतो. मला वाटत नाही, कारण त्या फटीतून जे पडतं ते माझ्या पातेल्यात पडतं.

काय पडतं? इथे शेजारीपाजारी मोहरीचं तेल धूर निघेस्तोवर तापवतात, आता मीही तापवते, त्याशिवाय इलिश माशाला चव नाही. तो धूर वर जातो, फटीत शिरतो, कपाटाच्या माथ्यावर बसतो. त्यावर धूळ बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा तपकिरी, चिकट थर होतो, तो साबणाने निघत नाही, नखाने निघतो. आणि त्यावर झुरळांची वसाहत. बर्कलीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की मोठं झुरळ अंग चपटं करून जेमतेम ३ मिलिमीटरच्या फटीतून निघून जातं. आमच्याकडे त्याला अंग चोरायचीही गरज नाही. उजव्या टोकाला ते सहकुटुंब ताठ मानेने ये-जा करतं.

इलाज सांगणाऱ्यांची वाण नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सिलिकॉन भरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि २३ मिलिमीटरच्या फटीत ते टिकायचं सोडून लोंबायला लागतं. रंग देता येतो तो अॅक्रिलिक सीलंटला, पण तोही बारीक फटीपुरताच. समोरच्या काकू म्हणाल्या, पीओपी भरा. लाकूड बाष्पाने फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. पीओपी जागचं हलत नाही. आषाढात भरलं की दुर्गापूजेच्या सुमारास बारीक भेग, आणि थंडीत तिचं तोंड उघडं. माझ्या नणंदेने व्हॉट्सअॅपवर सांगितलं, एलईडीची पट्टी लाव, फट हा डिझाइनचाच भाग वाटेल. म्हणजे झुरळांच्या दारात दिवाळी.

शेवटी आले मिस्त्रीदा. मेदिनीपूरकडचे, कानावर पेन्सिल, पिशवीत रंधा आणि प्लायचे तुकडे. आधी त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरलं आणि छत नेमकं किती वाकडं आहे ते बघून घेतलं. मग सनमायका लावलेली चार इंच रुंद पट्टी, जुनीपेक्षा चांगली रुंद, छताला टेकवून पण सरळ लेव्हलमध्ये तात्पुरती ठोकली. डावीकडे ती छताला भिडली, उजवीकडे १५ मिलिमीटर अंतर राहिलं. त्यांनी नेमका १५ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा घेतला, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिल धरली आणि तो तुकडा छताला घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. छत जिथे खाली, तिथे रेघ खाली. छत जिथे उचललेलं, तिथे रेघ वर. आमच्या स्लॅबची सगळी लक्षणं पट्टीवर उमटली. पट्टी उतरवली, रेघेपर्यंत रंध्याने तासली. सनमायक्याच्या कडेला चिकटपट्टी लावली होती, म्हणून टवका एकही उडाला नाही. भुगा ओट्यावर भिजत घातलेल्या हरभऱ्याच्या डाळीत पडला, ती मी फेकली. पट्टी वर सरकवून त्यांनी कपाटाला स्क्रू मारले. छताला एकही नाही, हे मुद्दाम. कपाट हललं तर पट्टी त्याच्याबरोबर हलते, छताशी भांडत बसत नाही. वर केसाएवढी रेघ उरली, ती अॅक्रिलिकने भरली, बोट ओलं करून फिरवलं, झालं.

मजुरी तुमच्या त्या आपोआप बंद होणाऱ्या एका टँडम बॉक्स ड्रॉवरपेक्षा कमी!

वहिनी, हे काम काही नवं नाही. सरळ वस्तू वाकड्या घरात बसवायची तर वस्तूची कड घराप्रमाणे कापायची, हे कुठल्याही जुन्या सुताराला कळतं. आमच्या सासूबाईंच्या वाड्यात फडताळ भिंतीतच होतं. कोलकात्याच्या कडी-बरग्याच्या, म्हणजे तुळया-वाशांच्या, जुन्या घरांत बारा-चौदा फुटांवर छत आणि खाली जाळीची मीटसेफ आपल्या पायांवर उभी, पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. तिने छताला हात लावायचा आव कधी आणला नाही. आपण आणला. आणायला माझी हरकत नाही, साठवणीची जागा मलाही हवीच आहे. पण ज्यांनी तुम्हाला पुढे करून पैसे घेतले त्यांना एवढं सांगा, की छताचं माप दोन टोकांना आणि मध्येही घ्या, आणि पट्टी कोण, कुठे, कशी तासणार ते कोटेशनमध्ये लिहा. आमच्या कोटेशनमध्ये बिजागऱ्यांची संख्या होती, हँडलचा रंग होता. छताचा उल्लेख फक्त ‘फ्लोअर टू सीलिंग’ एवढाच.

आणि एकदा ती ढोबळी मिरची चिरून टाका. कडधान्य असतं तर एव्हाना मोड आले असते.

आपली,
बेहालाची एक गिऱ्हाईक

ता. क. पट्टी बसल्यावर कंपनीचा फोन आला होता. ते आता फट लपवायला फॉल्स सीलिंग सुचवताहेत, सवलतीत. मी चौकशी केली की ते फॉल्स सीलिंग भिंतीला जिथे मिळेल, तिथे काय असेल? मुलगा म्हणाला, ‘तिथे आम्ही एक सुंदर पट्टी देतो, मॅडम.’